शांततेचें पारितोषिक व केडगांवची पंडिता

दरवर्षीं ऑक्टोबर महिना आला कीं नॉर्वेच्या राजधानींतून शांततेच्या पारितोषिकाचा निकाल बाहेर पडतो, आणि सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. ज्यास तें मिळालें तो खरोखर त्यास पात्र होता काय, आणि ज्यास मिळावयास हवें होतें तो कोण? आपल्या देशांत ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें आहे. महात्मा गांधींचें नांव १९३७, १९३८, १९३९, १९४७ व १९४८ असें पांच वेळां सुचविलें गेलें. १९४७ सालीं तें सुचविणारांत मुंबई इलाख्याचे त्या वेळचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर आणि दादासाहेब मावळंकर हे दोन मराठी गृहस्थ होते. पुढल्याच वर्षीं महात्माजींचा खून झाला, आणि हयात व्यक्तींत कोणी लायक नाहीं असें म्हणून समितीनें १९४८ चें पारितोषिक कोणासच दिलें नाहीं. एवढी हकीकत कोणी सांगितली म्हणजे वाद मिटतो, चहाचे पेले खालीं ठेवले जातात, आणि मंडळी आपापल्या घरीं जातात.

आमचेंही उत्तर ह्याहून निराळें नाहीं. पण इतकें झटपट उत्तर मिळालें म्हणजे त्याच्या मागें काय झांकलें गेलें हें पाहण्याची इतिहासाच्या अभ्यासकास खोड असते. पारितोषिक दिलें जाऊं लागलें १९०१ पासून. गांधीजी हिंदुस्थानच्या सार्वजनिक जीवनाच्या मध्यभागीं आले तोंपर्यंत त्यांतलीं जवळ जवळ वीस वर्षें निघून गेलीं होतीं. त्या वीस वर्षांत ह्या देशांतलें कोणतें नांव त्या यादींत शोभलें असतें? आमच्या मतें ह्याचें उत्तर पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागीं, दौंड तालुक्यांतील केडगांव येथें सांपडतें. तें नांव पंडिता रमाबाई. हें विधान कित्येकांस धाडसाचें वाटेल, आणि कांहींस मुळींच रुचणार नाहीं. म्हणून तें जरा विस्तारानें मांडणें भाग आहे.

ज्या मुलखांत हें घडलें त्याची ओळख प्रथम करून घेऊं. पुण्याहून पूर्वेस निघालें म्हणजे भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुका लागतो व दक्षिणेस दौंड. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इतक्या दूर येईपर्यंत थकून गेलेला असतो. कालवे होण्यापूर्वीं येथील शेतकऱ्याचें सारें जीवित दोन-चार सरींवर टांगलेलें असे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र हा भाग येतो तो लढायांच्या निमित्तानें. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे. १६८९ सालच्या त्या क्रूर प्रसंगाची आठवण तिला जोडलेली. घोड नदीच्या कांठचें शिरूर हें इंग्रजी फौजेचें ठाणें होतें, आणि तेथूनच १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन आपली पलटण घेऊन पुण्याकडे निघाला. दुसऱ्या दिवशीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या सैन्याशीं त्याची गांठ पडली. त्या लढाईचा स्तंभ भीमेपलीकडे पेरणें गांवच्या हद्दींत उभा आहे. कंपनी सरकारनें तो आपल्या विजयाचा म्हणून उभारला. पण त्यावर कोरलेल्या नांवांत महार शिपायांचीं नांवें होतीं, आणि १९२७ च्या १ जानेवारीस डॉ. आंबेडकर तेथें गेल्यापासून त्या दगडाचा अर्थ पालटला. लाखों माणसांस तें आज आत्मसन्मानाचें स्थान वाटतें. लढाईस दोनशें वर्षें पुरीं झालीं त्या २०१८ च्या १ जानेवारीस त्याच परिसरांत दंगल होऊन एका तरुणाचा जीव गेला. जेथें दोनशें वर्षांपूर्वींची लढाई अशी अधूनमधून पुन्हां पेटते, तेथें शांतता म्हणजे काय हा प्रश्न नॉर्वेकरांवर सोंपवून भागत नाहीं.

शिरूरच्या फौजेविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथील कर्नल विल्यम वॉलेस हा १८०९ सालीं मरण पावला व तेथेंच पुरला गेला. त्याची वागणूक आसपासच्या लोकांच्या मनांत इतकी भरली होती कीं त्याच्या थडग्यास नैवेद्य दाखविला जाऊं लागला, आणि 'सत्पुरुष' ह्या नांवानें लोक त्यास भजूं लागले. पुणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत ही हकीकत आहे. परका, परधर्मी आणि पेशानें शिपाई; पण घोडनदीच्या कुणब्यानें त्याच्या जातीची चौकशी केली नाहीं. ह्या गोष्टीकडे आम्हांस पुढें एकदां परत यावयाचें आहे, म्हणून वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी.

असो. लढाया झाल्या आणि गेल्या. ह्या दोन तालुक्यांतील सामान्य माणसाच्या घरची शांतता मोडली ती कर्जानें व दुष्काळानें. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं एका सावकारानें हुकूमनामा मिळवून गांवच्या देशमुखावर बजाविला, आणि चिडलेल्या गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. पुढल्या मे महिन्याच्या १२ तारखेस त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला, व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत गांवोगांव पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. कर्जरोखे हातीं आले कीं ते जाळावयाचे आणि आपल्या वाटेनें जावयाचें, असा बहुतेक ठिकाणीं प्रकार झाला. सरकारनें चौकशी नेमली, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पण कायदा येण्यापूर्वीं १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला होता. पोटाची भीति आणि माणसाची हिंसा ह्यांचें नातें ज्यास पुस्तकांतून समजत नसेल त्यानें त्या चार वर्षांचे दप्तर चाळावें. विलायतेंत शांततावादी मंडळी तोफा कमी कशा कराव्या ह्याचा खल करीत होती त्या काळीं आमच्याकडील खेडुतास तोफेचें भय राहिलेंच नव्हतें. त्याचें भय आकाशाकडे पाहून ठरत असे.

आतां पारितोषिकाकडे वळूं. आल्फ्रेड नोबेल ह्यानें १८९५ च्या नोव्हेंबरांत पॅरिस येथें मृत्युपत्रावर सही केली. राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढविणें, खडीं सैन्यें नाहींशीं करणें किंवा घटविणें, आणि शांतता-परिषदा भरविणें, ह्या कामांत ज्यानें सर्वांत अधिक किंवा सर्वांत उत्तम कार्य केलें असेल त्यास हें पारितोषिक द्यावें, असें त्यानें लिहिलें. आणि निवडीचें काम नॉर्वेच्या कायदेमंडळानें नेमलेल्या पांच जणांच्या समितीकडे सोंपविलें. ह्या अक्षरास चिकटून बसावयाचें तर केडगांवची गोष्ट येथेंच सोडून द्यावी. रमाबाईंनीं एकही शांतता-परिषद भरविली नाहीं, व सैन्यें घटविण्याविषयीं कधीं चळवळ केली नाहीं. परंतु खुद्द समितीनेंच हें अक्षर पहिल्या वर्षीं ओलांडलें. १९०१ चें पारितोषिक दोघांत वांटलें गेलें: एक फ्रेदेरिक पासी, ज्याचें सारें आयुष्य शांततेच्या चळवळींत गेलें, दुसरा आंरी द्यूनां, सॉल्फेरिनोच्या रणांगणावरील जखमींचे हाल पाहून ज्याच्या मनांत रेडक्रॉसची कल्पना उगवली. जखमी शिपायाची शुश्रूषा केल्यानें युद्ध थांबत नाहीं, उलट तें अधिक सुसह्य होतें, अशी तक्रार त्याही वेळीं झाली. तक्रार तर्कास धरून होती. समितीनें ती मानली नाहीं हें आमच्या मतें तिच्या शहाणपणाचें लक्षण.

पुढें तर हा मार्ग रुळलाच. १९२२ चें पारितोषिक फ्रित्जॉफ नान्सेन ह्यास मिळालें. त्यानें चार लाखांवर युद्धकैदी आपापल्या देशीं पोंचविले, निर्वासितांस आधार दिला, आणि रशियांतील दुष्काळांत अन्न पोंचविण्याची खटपट केली. १९४९ सालीं जगाच्या अन्नाचा हिशेब मांडणाऱ्या जॉन बॉइड ऑर ह्यांस तें मिळालें. १९७० सालीं गव्हाचें बीं सुधारणाऱ्या नॉर्मन बोरलॉग ह्यांस. १९७९ सालीं कलकत्त्यास मरणोन्मुख माणसें उचलून आणणाऱ्या मदर तेरेसांस. आणि २०२० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमास. भुकेल्यास जगविणें हें शांततेचें कार्य आहे, ही गोष्ट समितीनें अशी वारंवार आपल्या सहीशिक्क्यानिशीं कबूल केली आहे. हाच गज मागें नेऊन १९०० सालास लावला तर काय दिसतें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांस परिचयाचें आहे. तें आरंभापासून सांगण्याचें कारण नाहीं. पण त्या चरित्रांतला एक धागा सहसा हातीं धरला जात नाहीं. त्यांच्या विद्वत्तेविषयीं लोक बोलतात, धर्मांतराविषयीं त्याहून अधिक बोलतात. भुकेविषयीं कोणी बोलत नाहीं. अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. बायकोस संस्कृत शिकविलें म्हणून लोकांचा रोष पतकरलेला, घरदार सुटलेलें, आणि सारें कुटुंब क्षेत्रोक्षेत्रीं पुराण सांगत फिरणारें. १८५८ सालीं जन्मलेल्या रमाबाईंस आईनेंच संस्कृत पढविलें. मद्रास इलाख्यांत दुष्काळानें ह्या कुटुंबास गांठलें तेव्हां विद्या जवळ होती, पण अंगमेहनतीची संवय नव्हती आणि भीक मागण्यास जीभ उचलेना. जवळचें होतें तें विकून संपलें. पित्यानें जलसमाधि घेण्याचा निश्चय केला होता. त्यापूर्वींच त्यांचा देह पडला. पाठोपाठ आई गेली आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री ह्या दोघांनीं मग पायीं देश पालथा घातला, तो थेट कलकत्त्यापर्यंत. तेथें १८७८ सालीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या तो प्रसंग सर्वांस पाठ आहे. त्या पदव्या स्वीकारणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीनें रानांतला पाला खाऊन दिवस काढले होते, हें मात्र आम्ही विसरतों.

मधलीं वर्षें भराभर ओलांडूं. १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं विवाह, १८८२ च्या आरंभीं वैधव्य, पदरीं लहानगी मनोरमा. त्याच सालीं पुण्यास आगमन, आर्य महिला समाज आणि हंटर कमिशनापुढील साक्ष. १८८३ सालीं इंग्लंडास प्रयाण व तेथें ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. मग अमेरिका, आणि तेथील लोकांनीं काढलेल्या मंडळीच्या साह्यानें १८८९ च्या ११ मार्चला मुंबईस विधवांकरितां शारदा सदन. योगायोग असा कीं त्याच १८८९ सालीं जेन अॅडम्स ह्या बाईनें शिकागो शहरांत गरिबांच्या वस्तींत 'हल हाउस' उघडलें. जेन अॅडम्स ह्यांस १९३१ सालीं शांततेचें पारितोषिक मिळालें. ह्यावरून आम्ही कांहीं सिद्ध करूं इच्छीत नाहीं, कारण जेन अॅडम्स ह्यांनीं महायुद्धाच्या काळीं उघड युद्धविरोधी चळवळ चालविली व तिजबद्दल स्वदेशाचा रोषही सोसला. रमाबाईंचें तसें कांहीं नाहीं. साल एक पडलें, इतकेंच.

शारदा सदन १८९० सालीं पुण्यास आलें, आणि १८९३ सालीं तो प्रसिद्ध भडका उडाला. सदनांतील मुलींस ख्रिस्ती धर्माकडे ओढलें जातें असा आरोप झाला. 'केसरी'नें तो लावून धरला. सल्लागार मंडळांतून न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनीं अंग काढून घेतलें. कित्येक पालकांनीं आपल्या मुली नेल्या. ह्या प्रकरणांत पुणेंकरांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचें जें अभिवचन होतें त्याचा अर्थ बाई एक करीत होत्या आणि पालक दुसरा. स्वतःच्या प्रार्थनेचें दार मी लावून घेणार नाहीं, येणारीस अडविणार नाहीं, अशी बाईंची भूमिका होती. वयानें कोंवळ्या आणि सर्वस्वीं आश्रयास असलेल्या मुलीच्या बाबतींत अशा उघड्या दाराचा अर्थ काय होतो हें बापाच्या काळजानें पाहणारास वेगळें दिसलें, ह्यांत नवल नाहीं. त्याच सदनांतली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशीं १८९३ च्या मार्चांत धोंडो केशव कर्व्यांनीं पुनर्विवाह केला, आणि पुढें १८९६ सालीं विधवांकरितां स्वतःची संस्था काढली. म्हणजे शारदा सदनाचें एक बीं हिंगण्याच्या माळावर पडलें. पुण्यानें तें झाड आपलें म्हटलें. मूळ बागवानाचें नांव घेण्याचें टाळलें.

आणि मग १८९६ चा पाऊस चुकला.

नोबेल त्या वर्षाच्या डिसेंबरच्या १० तारखेस इटलींत वारला. युरोपांतलीं पत्रें त्याच्या संपत्तीची चर्चा करीत होतीं त्याच हिंवाळ्यांत मध्यप्रांतांत माणसें वाटेवर पडूं लागलीं होतीं. रमाबाईंस बातमी लागली आणि त्यांनीं तिकडची वाट धरली. तेथें जें पाहिलें तें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. सरकारी अनाथगृहें व मदतीच्या छावण्या होत्या. पण एकाकी तरुण मुलींस तेथेंही संरक्षण नव्हतें. अशा मुली हेरण्यासाठीं दुष्ट माणसें फिरत होतीं, आणि छावण्यांवर नेमलेल्या माणसांतही सारेच भले नव्हते. भुकेनें मेलेल्या माणसाची निदान नोंद होई; भाकरीच्या तुकड्यासाठीं विकल्या गेलेल्या मुलीची नोंद कोणत्याच वहींत नव्हती. बाईंनीं ह्या मुली गोळा करून आणावयास आरंभ केला. पूर्वीं शारदा सदनांत बहुतेक ब्राह्मण व इतर वरच्या जातींच्या विधवा असत. आतां आल्या त्या गोंड, कुणबी, महार, जी भेटली ती. जातीची चाळणी दुष्काळानेंच काढून टाकिली होती, आणि बाईंनीं ती पुन्हां लाविली नाहीं.

पुण्यांत प्लेगचे निर्बंध होते. इतक्या मुलींस शहरांत ठेवूं देईनात. केडगांव स्टेशनाजवळ बाईंनीं शंभर एकरांच्या सुमारास जमीन घेऊन ठेविली होती, ती सदनास फळांचें उत्पन्न व्हावें म्हणून. त्या माळावर तंबू पडले, मग झोंपड्या झाल्या, मग दगडी इमारती उठल्या; आणि ह्या वस्तीचें नांव 'मुक्ति' पडलें. दोन-तीन वर्षांतच १८९९-१९०० चा दुसरा, अधिक घोर दुष्काळ आला, तो गुजराथ आणि राजपुताना होरपळीत. बाईंचीं माणसें तिकडेही गेलीं. १९०० सालच्या सुमारास केडगांवीं दोन हजारांच्या जवळपास बायकामुली राहत होत्या. दौंड तालुक्यासारख्या कोरड्या मुलखांत दोन हजार तोंडें म्हणजे काय ह्याची कल्पना ज्यानें एखाद्या लग्नाच्या पंगतीची व्यवस्था पाहिली असेल त्यास थोडीबहुत यावी. आणि ही पंगत रोजची होती.

दान मागून दोन हजार माणसें कांहीं महिने जगवितां येतात. वर्षानुवर्षें जगवावयाचीं तर त्यांस हातांत काम द्यावें लागतें. येथें बाईंची बुद्धि दिसते. विहिरी खणल्या गेल्या, बागा लाविल्या, गाईम्हशी पाळल्या. मागावर कापड निघूं लागलें, घाण्यावर तेल निघूं लागलें, भट्टींत पाव भाजले जाऊं लागले. ज्या हुशार निघाल्या त्यांस शिक्षिका केलें. छापखाना निघाला व तेथें खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सारें काम बायकाच करूं लागल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांकरितां कृपा सदन निघालें, अंध मुलींकरितां निराळें सदन निघून तेथें ब्रेल लिपि शिकविली जाऊं लागली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्या पूर्वजन्मींच जणूं रानांत पाला खात होती, आणि आतां ती छापखान्यांत शुद्धलेखन तपासते आहे. असें दृश्य त्या काळच्या हिंदुस्थानांत दुसरीकडे कोठें पाहावयास मिळालें असतें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

मृत्युपत्रांतील पहिली अट राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभावाची. ह्या अटीस तरी केडगांव कमी पडत नाहीं. १९०० सालचें जग ध्यानांत आणावें. साम्राज्य भर माध्यान्हीं तळपत होतें. गोऱ्यानें हुकूम सोडावा व काळ्यानें तो बजावावा हा सृष्टीचा नियम समजला जात होता. अशा काळीं अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया येथून आलेल्या सुशिक्षित बायका केडगांवच्या उन्हांत एका हिंदी विधवेच्या आज्ञेंत काम करीत होत्या. बाईंनीं ज्या धर्माचा स्वीकार केला त्याच्या आचार्यांचीही ताबेदारी त्यांनीं मानली नाहीं. इंग्लंडांतील जोगिणींशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचणारास ती स्वतंत्र वृत्ति पानोपानीं भेटते. सरकारची भीड त्यांस होती असेंही नाहीं. १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांची अवहेलना होत आहे असें तिखट पत्र त्यांनीं 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत छापविलें. सरकारनें आरोप नाकारले, पण पत्राचा गवगवा विलायतेपर्यंत झाला. ज्या 'केसरी'नें चार वर्षांपूर्वीं त्यांच्यावर आग पाखडली होती, तोच 'केसरी' त्याच प्लेगच्या जुलुमावर त्याच महिन्यांत लिहीत होता. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें मात्र नाहीं.

आतां आक्षेपाचा मुख्य मुद्दा. केडगांवीं आलेल्या मुलींपैकीं बहुतेक ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या बालिकेस अन्नाबरोबर धर्म वाढणें हें न्याय्य आहे काय? आम्ही हा प्रश्न टाळीत नाहीं, आणि ज्यास तो महत्त्वाचा वाटतो त्यास कोत्या मनाचाही म्हणत नाहीं. पारितोषिक शांततेचें असेल तर ज्या कार्यानें समाजांत दुही माजली त्यास तें कसें द्यावें, असाही ह्या प्रश्नाचा एक पोटप्रश्न आहे. आमचें उत्तर असें. दुही माजली ती १८९३ सालीं, पुण्यांत, सुस्थितींतल्या घरांत. १८९७ व १९०० सालच्या मुलींविषयीं भांडण करणारें कोणी उरलेंच नव्हतें. त्यांचे आईबाप मेले होते आणि त्यांच्यावर हक्क सांगावयास आला तर एखादा दलाल आला असता. पुणें त्या दुष्काळांत झोंपलें होतें असें मुळींच नव्हे. सार्वजनिक सभेनें व टिळकांनीं गांवोगांव दुष्काळाचा कायदा समजावून दिला, शेतसाऱ्याची सूट मागा म्हणून शेतकऱ्यास धीर दिला, आणि हें मोठें काम होतें. पण त्या हिशेबांत शेतकरी होता, त्याचा सारा होता, त्याचे बैल होते. त्याची पोरकी मुलगी नव्हती. ती ज्या एका जागीं मोजली गेली त्या जागेचें नांव केडगांव. तिला तेथें येशूचें नांव शिकविलें गेलें ह्याची खंत ज्यास असेल त्यानें ती अवश्य बाळगावी. तिला दुसरें कोणतेंही नांव शिकवावयास त्या माळावर कोणी गेलें नव्हतें, ही खंत आम्हांस तिच्याहून अधिक छळते.

मग हें नांव कोणीं सुचविलें कसें नाहीं? बाई माणूस म्हणून, असें नव्हे; १९०५ सालींच बर्टा फॉन सुटनर ह्या बाईस तें पारितोषिक मिळालें होतें. एक कारण नियमाचें होतें. नांव सुचविण्याचा अधिकार निरनिराळ्या देशांच्या कायदेमंडळांच्या सभासदांस, सरकारांस, विशिष्ट विषयांच्या प्राध्यापकांस व अशाच कांहीं मंडळींस असे. परतंत्र देशाचा आवाज त्या दारापर्यंत पोंचणें कठीणच. गांधीजींचें नांवसुद्धां पहिल्यानें सुचविलें तें नॉर्वेच्याच कायदेमंडळांतल्या एका सभासदानें. इंग्रज सरकारनें १९१९ सालीं रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक देऊन आपलें कर्तव्य उरकलें. त्या वर्षाचें शांततेचें पारितोषिक अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन ह्यांच्या वांट्यास गेलें, आणि त्यांच्या तहानें किती वर्षें शांतता टिकली हें जगानें पाहिलें.

परंतु नियमाकडे बोट दाखवून आपण सुटत नाहीं. समजा, ती वाट मोकळी असती. समजा, फर्ग्युसन कॉलेजांतल्या एखाद्या प्राध्यापकाकडे कोरा अर्ज आला असता. त्यावर पंडिता रमाबाईंचें नांव लिहून त्याखालीं सही करणारा पुण्यांत कोणी निघाला असता काय? आमच्या मतें नसता निघाला. शिरूरच्या खेडुतांनीं परक्या कर्नलास सत्पुरुष म्हटलें; त्याचा धर्म कोणता, तो कोणाची चाकरी करीत होता, हा विचार त्यांच्या आड आला नाहीं. पुण्याच्या विद्वानांस आपल्याच घरची, आपल्याच भाषेंत लिहिणारी, शास्त्र्यांच्या सभेंत संस्कृतांतून बोलणारी बाई पुढें कित्येक वर्षें परकी वाटली. आमच्या पिढीनें महाविद्यालयांत जो महाराष्ट्राचा इतिहास वाचला त्यांत बाईंस मिळालेली जागा फारतर अर्ध्या पानाची होती, आणि त्यांतलें बरेंसें १८९३ च्या वादानें खाल्लेलें. केडगांवचा दुष्काळ त्या पानावर आलाच नाहीं. भारत सरकारनें १९८९ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें. अलीकडे विद्यापीठांतून त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलेंही जातें, पण त्यांतही चर्चा बहुशः स्त्रीच्या हक्कांची असते. दोन हजार माणसांच्या अन्नाचा हिशेब अजून कोपऱ्यांतच पडला आहे.

बाईंचीं शेवटचीं वर्षें एका निराळ्याच कामांत गेलीं. हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषा शिकून त्यांनीं सबंध बायबल सोप्या मराठींत आणावयास घेतलें. पंडितांकरितां केलेलें भाषांतर खेड्यांतल्या बाईस कळत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. १९२१ च्या जुलईंत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलें नाहीं. भाषांतर हातावेगळें झालें आणि थोड्याच दिवसांत, १९२२ च्या ५ एप्रिलला, केडगांवीं बाईंचा अंत झाला. आठ महिन्यांनीं, डिसेंबरच्या १० तारखेस, नॉर्वेच्या राजधानींत नान्सेन ह्यास पारितोषिक दिलें गेलें, दुष्काळांतल्या माणसांस जगविलें म्हणून.

समितीच्या नियमांप्रमाणें इतिहासाच्या प्राध्यापकास नांव सुचवितां येतें. मात्र मृत व्यक्तीचें नांव चालत नाहीं. संस्थेचें चालतें. केडगांवची संस्था आजही चालू आहे, आणि नांवें पोंचविण्याची मुदत दरवर्षीं ३१ जानेवारीस संपते.